तिसरी चौकट

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास तुइरे चर्चच्या सभागृहात पोचली, तेव्हा तिच्या मते काम होतं जेमतेम दहा मिनिटांचं. वडिलांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला आणि सभागृहाच्या स्पीकरना जोडायचा, एक व्हिडिओ नीट लागतो की नाही ते बघायचं, आणि मग आईबरोबर निवांत कॉफी प्यायची. एक वाजता दफन होतं. त्यानंतर सगळं गाव इथेच जमणार होतं, कॉफी आणि सामन मासा लावलेले पाव खायला, आणि तो व्हिडिओ बघायला.

तिचे वडील काउको या गावचे सुतार. माणूस इतका अबोल, की सेहेचाळीस वर्षांच्या संसारात "फळी बसवली" हेच त्यांचं प्रेमाचं बोलणं. पण स्वयंपाकघरातली प्रत्येक फळी बायकोच्या, लेम्पीच्या मापाची, एकशे छप्पन सेंटिमीटर उंचीच्या बाईचा हात सहज पोचेल अशी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते या लॅपटॉपसमोर बसले, अकरा मिनिटं काहीतरी बोलले आणि मग लेकीला फोन केला. "परत आलो नाही तर आईला ऐकव. मला तोंडावर बोलायला जमत नाही." ते परत आले नाहीत. लेम्पी गेले तीन आठवडे त्या अकरा मिनिटांच्या आशेवर दिवस ढकलत होती.

आणि तो लॅपटॉप म्हणजे एक प्रकरणच होतं. काउकोंनी त्यावर लिनक्स घातलं होतं. ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही ती वस्तू आपली नव्हे, असं त्यांचं तत्त्वज्ञान. झाकण उघडत होतं खरं, पण बंद करणं फक्त त्यांनाच यायचं! त्याचा स्पीकर दोन वर्षांपूर्वीच फाटला होता. तुइरेने तो व्हिडिओ आपल्या फोनवर घेऊन पाहिला होता. फोनवर अकरा मिनिटं नुसता काळोख, आणि आवाज शून्य. तेव्हा तो या लॅपटॉपवरूनच लावावा लागणार होता.

"झालं का गं?" पाव मांडता मांडता एन्सिओने विचारलं. तो चर्चची देखभाल करायचा. काउकोंचा शाळेपासूनचा मित्र.

"कुठलं काय, काका! पडदा उजळलाय, पण व्हिडिओ उघडला की गायब होतो. उघडतो कुठे तेच कळत नाही."

तिने सेटिंग उघडलं. तिथे जोडलेल्या प्रत्येक पडद्याची एक चौकट दिसते. एक लॅपटॉपची, एक प्रोजेक्टरची. ठीक. पण डाव्या बाजूला आणखी एक होती. नाव नाही, अरुंद आणि चांगलीच उंच. व्हिडिओ त्या तिसऱ्या चौकटीत उघडत होता. आता लॅपटॉपला दोनच वायरी लावलेल्या, एक प्रोजेक्टरची आणि एक स्पीकरची. तिसरा पडदा आला कुठून?

तिने तिसरी चौकट बंद केली. टुण्णकन आवाज झाला आणि ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला, वायरी काढून फुंकर मारून परत लावल्या, आणि बापाच्या तत्त्वज्ञानाचा मनसोक्त उद्धार केला. व्हिडिओची खिडकी माउसने धरून ती प्रोजेक्टरवर ओढायची, आणि खिडकी हातातून निसटून डावीकडे सरकत नाहीशी व्हायची. अकरा वाजले. डोकं नुसतं भणभणायला लागलं.

"जाऊ दे ते चित्र," ती करवादली. "आवाज तरी ऐकू दे तिला!"

पण आवाजाचीही तीच रड. यादीत सभागृहाचे स्पीकर निवडले की निवड आपोआप त्या बिननावाच्या जागेवर उडी मारायची. फक्त आवाजाची हिरवी पट्टी हलत होती. वर गेली, खाली आली, थांबली, पुन्हा वर गेली. कुणीतरी बोलत होतं, दम खात होतं, पुन्हा बोलत होतं. सभागृहात ऐकू येत होता तो फक्त एन्सिओच्या बशांचा खणखणाट.

"टेबल त्या भिंतीला लावून बघ," एन्सिओ म्हणाला. "ही वायर इकडून आखूड पडते म्हणून काउकोही तिकडेच बसायचा."

दोघांनी टेबल उचलून समोरच्या भिंतीला लावलं. आता तुइरेचं तोंड उलट दिशेला होतं. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा हात माउसवरच राहिला. तिसरी चौकट आता उजवीकडे होती, म्हणजे सभागृहाच्या त्याच बाजूच्या भिंतीकडे. या चौकटी माणसानेच हलवाव्या लागतात, आपण होऊन त्या जागा सोडत नाहीत. आणि तिने तर हातही लावला नव्हता.

"काका... त्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"प्रार्थनेची खोली." एन्सिओने हातातली बशी खाली ठेवली. "सकाळी तिथेच ठेवलंय त्याला."

 तिने लॅपटॉप उलटा केला. खाली वडिलांनी सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेला कागद चिकटवला होता: 'पडदा दिसत नसेल तर हे टाईप कर.' तिने अक्षरं जशीच्या तशी उतरवली. जोडलेल्या पडद्यांची यादी आली. प्रत्येक पडदा संगणकाला आपलं माप सांगतो. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: जोडलेला आहे. रुंदी सहाशे वीस, उंची दोन हजार ऐंशी मिलिमीटर.

एन्सिओ चष्मा सावरून तिच्या खांद्यावरून वाचत होता. 

"हे माप तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. यातच आलंय."

"काउको एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. शवपेटी स्वतःच केली त्याने, गेल्या हिवाळ्यात. मी फळ्या धरल्या होत्या." त्याचा आवाज खाली गेला. "म्हणाला, माणसाची उंची, आणि वर वीस..."

तेवढ्यात फुलं घेऊन लेम्पी आत आली. तिला कानात यंत्रं लावूनही ऐकू कमी यायचं, तेव्हा यातलं काही तिच्या कानावर पडलं असणं शक्य नव्हतं. ती थेट टेबलाशी आली आणि हलणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिली.

"बोलतोय ना तो?"

"आई, मशीन बिघडलंय. मी बघते, तू बस."

"पहिल्यापासून लाव."

तुइरेने लावलं. लेम्पीने दोन्ही कानांतली यंत्रं काढून टेबलावर ठेवली आणि प्रार्थनेच्या खोलीत गेली. दार तिने ओढून घेतलं.

तुइरे पट्टीकडे बघत बसली. पट्टी हलायची, मग थांबायची. ती थांबली की दारापलीकडून आईचा आवाज यायचा, हलका, कुणाशी तरी बोलल्यासारखा. मग आई गप्प, आणि पट्टी हलायला लागायची. अकरा मिनिटांनी व्हिडिओ संपला. एन्सिओने सुटकेचा श्वास टाकला.

संपलेल्या व्हिडिओखाली पट्टी आणखी एकदा हलली. लहानसं एखादं वाक्य असावं. पलीकडून आई एकच शब्द बोलली.

ती बाहेर आली तेव्हा रडलेली होती, पण तिचा चेहरा तीन आठवड्यांत पहिल्यांदा सैल दिसत होता. "बंद कर आता. लोकांना दाखवायचं नाही ते."

"काय म्हणाले गं बाबा?"

"बरंच बोलला. मलाच लाजल्यासारखं झालं." ती कानात यंत्रं घालत म्हणाली. "शेवटी एक विचारलं. मी हो म्हटलं."

काय विचारलं, ते तिने सांगितलं नाही. एक वाजता पेटी जमिनीत गेली.

आठवड्याने तुइरेने आईच्या स्वयंपाकघरात तो लॅपटॉप उघडला, सगळं पुसून एकदाचा निकालात काढायला. वायर एकही नव्हती. तरी तिसरी चौकट होती, खिडकीच्या दिशेला, जिकडे दफनभूमी आहे तिकडे. तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, आणखी एक चौकट होती. तशीच अरुंद, पण बुटकी. तुइरेने कागदावरची अक्षरं टाईप केली. तीनदा चुकली, मग यादी आली.

रुंदी पाचशे साठ, उंची एक हजार सातशे साठ मिलिमीटर. पुढे लिहिलं होतं: अजून जोडलेला नाही.

एकशे छप्पन, आणि वर वीस. तिच्या मागे लेम्पी फळीवरून कप काढत होती. टाचा न उचलता.

लॅपटॉप पुसायचं धाडस तुइरेला झालं नाही. तो आता तिच्या घरी असतो, आणि बॅटरी कधी संपू नये याची ती काळजी घेते. रोज सकाळी आधी ती 'अजून जोडलेला नाही' ही ओळ बघते आणि मग आईला फोन करते. आज दोन चौकटींमध्ये बोटभर अंतर उरलेलं नाही, पण ओळ तीच आहे. आईला कमी ऐकू येतं, फोन उचलायला वेळ लागतोच. तुइरे रिंग मोजत उभी आहे, आणि समोर ती हिरवी पट्टी हळूहळू हलायला लागली आहे.