पलीकडची खिरापत

अल्पनाला कुणी "नको" म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. देवासची लेक, धारची सून, पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात दिवसभर नमुने तपासणारी बाई ती. चाखून पाहिल्याशिवाय चहात साखर आहे हेही मानायची नाही. मराठी समाजाच्या बैठकीत ती उठून म्हणाली, "पोरं हॉलमध्ये पंख्याखाली भोंडला खेळतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये मोबाइल बघतात. त्यापेक्षा दर रविवारी सगळी घरं मिळून रानात पायी जाऊ. तिथेच फेर धरू." समाजाचे अध्यक्ष यशवंतराव मान हलवत म्हणाले, "नको हो, उगाच साप-विंचू." झालं! पुढच्याच रविवारी सकाळी समाजातली निम्मी घरं तिरला गावाच्या पुढे गाड्या उभ्या करून, डांबरी रस्ता सोडून बांधावरून चालत होती, आणि सगळ्यात पुढे अल्पना होती.

दिवस मोठे सुरेख होते. सोयाबीन निघून गेलं होतं, शेतात नुसती काडं उरली होती आणि त्यांचा वाळका, खमंग वास येत होता. बांधावरच्या सीताफळांनी डोळे उघडले होते. पोरं कोळ्यांची जाळी मोजत होती, वाट चुकत होती, शिव्या खात होती. अल्पनाचा नवरा पीयूष पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन मागून धापा टाकत येत होता. "अरे यार, ये नेचर वॉक है कि सजा है?" असं तो दर शेताला विचारायचा. पीयूषचं शिक्षण सगळं हिंदीत झालेलं, त्यामुळे त्याची मराठी फक्त आईसमोर नीट चालायची.

चढण संपली तिथे ते झाड होतं. तिकडे त्याला खुरासानी इमली म्हणतात, आपण गोरखचिंच म्हणतो. मांडूच्या बाजूला अशी पुष्कळ आहेत, पण हे एकटंच उभं होतं. बुंधा एवढा अवाढव्य की एका बाजूला उभं राहिलं तर पलीकडचं माणूस दिसू नये. फांद्यांवरून लांब देठांची, लव असलेली फळं लोंबत होती. ती वाळली की आत बिया खुळखुळतात.

सावलीत सतरंज्या पडल्या. भोंडल्याला मधोमध पाट लागतो, पाटावर खडूनं हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती हात धरून गाणी म्हणत फिरायचं. पाट पीयूष गाडीतच विसरला होता. अल्पनाची नऊ वर्षांची मुलगी ईशानी झाडाच्या करड्या, सुरकुतलेल्या सालीवर हात फिरवून म्हणाली, "मम्मी, हत्ती तर हाच आहे ना!"

सगळे हसले. सासूबाईंना, कुसुमावतींना मात्र हसू आलं नाही. गुडघ्यांमुळे त्या सतरंजीवर बसूनच होत्या. "अगं, असलं काही करू नये. पीयूषला पाठव, पाट आणेल."

"आई, एवढ्या उन्हात? हत्ती तो हत्ती," अल्पना म्हणाली, आणि तिनं फेर धरायला लावला.

फेर छान रंगला. शेवटी खिरापत ओळखायची वेळ आली. झाकलेला डबा घरच्या बाईनं वाजवायचा, बाकीच्यांनी आत काय आहे ते सांगायचं, ओळखलं किंवा हरलो म्हटलं की मगच झाकण उघडायचं, ही तर भोंडल्याची खरी गंमत. अल्पनानं डबा हलवला. पोरांनी लाडू म्हणून पाहिलं, शेव म्हणून पाहिलं, कोमल नावाच्या चुणचुणीत मुलीनं तर पिझ्झासुद्धा म्हणून पाहिला.

"भोपळ्याचे घारगे," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"बरोब्बर!" अल्पना ओरडली. टाळ्या झाल्या. अलीकडच्यांना वाटलं पलीकडच्यांनी ओळखलं, पलीकडच्यांना वाटलं अलीकडच्यांनी. ईशानी दोन घारगे घेऊन बुंध्याला वळसा घालून गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

"कुणाला दिलेस गं?"

"ज्यांनी ओळखलं त्यांना."

परतीच्या वाटेवर अल्पनानं सहज चौकशी केली, तर घारगे कुणीच ओळखले नव्हते. पीयूष म्हणाला, "कोई बच्चा होगा, छोड ना." आता हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. कारखान्यात एखाद्या नमुन्याचा निकाल पटला नाही तर अल्पना काय करायची? पुन्हा तपासायची.

पुढच्या रविवारची खिरापत तिनं घरात कुणी नसताना केली. खारका सुंठीत घोळवल्या, डब्यात आवाज होऊ नये म्हणून चिंधीत घट्ट गुंडाळल्या, आणि झाकण लावून डबा स्वतःच्या पिशवीत ठेवला. रानात फेर झाला. तिनं डबा हलवला. आत काहीसुद्धा वाजलं नाही. पोरं गोंधळली. "रिकामाच आहे!" कोमल म्हणाली.

पलीकडून आवाज आला. ना म्हातारा, ना तरणा. कुणी घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

"सुंठीतली खारीक."

अल्पनाचा हात थांबला.

"आणि ईशानीच्या जुन्या परकराची चिंधी."

ह्या खेपेला टाळ्या वाजल्या नाहीत. अल्पना डबा तसाच टाकून बुंध्याला वळसा घालून धावली. पलीकडे कुणी नव्हतं. बुंध्यात कमरेएवढ्या उंचीवर एक ढोली होती. तिनं मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. आत वटवाघळांचा वास होता आणि गार हवा चेहऱ्यावर येत होती, बाकी काही नाही. ती परत आली तेव्हा डब्यातली एक खारीक घेऊन ईशानी दुसऱ्या बाजूनं पलीकडे निघाली होती. अल्पनानं तिला पकडायच्या आत ती रिकाम्या हातानं परतसुद्धा आली.

"मम्मी, पुढच्या रविवारी त्यांची," ती आनंदानं म्हणाली. "त्यांनी दोनदा आपली खाल्ली ना, आता त्यांची पाळी."

"अल्पना मावशी, ढोलीत मोबाइल लपवलाय ना?" कोमलनं विचारलं, पण स्वतः बघायला गेली नाही. सतरंज्या भराभर गुंडाळल्या गेल्या.

सोमवारी ईशानीनं पोहे तसेच ठेवले. भूक नसेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. शाळेतून डबा भरलेलाच परत आला. रात्रीचं ताटही तिनं नीट बाजूला सारलं, रुसून नाही, अगदी पाहुण्यासारखं.

"का गं, बरं नाही का?"

"बरं आहे. पोट राखून ठेवतेय. रविवारी त्यांची खिरापत आहे ना."

मंगळवारी तेच. बुधवारी डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. अल्पनानं जबरदस्तीनं एक घास भरवला, तो तिनं गालात धरून ठेवला आणि मोरीत जाऊन टाकला. "सॉरी मम्मी, जागा नाही उरणार." गुरुवारी ती जिना चढताना मध्येच बसली. शुक्रवारी तिच्या हाताची हाडं अल्पनाच्या मुठीत वेगळी वेगळी लागली आणि ही बाई, जी कधी देवासमोर रडली नव्हती, ती ओट्याला धरून ढसाढसा रडली.

"पाटावरचा हत्ती आपण काढतो आणि आपणच पुसतो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ह्याला कोण पुसणार?"

"मग काय करू, आई?"

"मला ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी नसतं का सांगितलं?"

शनिवारी यशवंतरावांनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की पायपीट रद्द, तिकडे कुणीही फिरकू नये. खाली हात जोडल्याचं चित्र. अल्पनानं सरळ फोन लावला.

"काका, तुमची पोर आठवडाभर उपाशी असती तर हात जोडल्याची चित्रं टाकत बसला असता का?"

"अगं, पण तिकडे जाणं बरं नाही. मी म्हणतो, नकोच."

"ती खाणार रविवारी, असं तीच सांगते. तर रविवार मी चुकवणार नाही. पण काय खाईल आणि कुणाच्या हातचं खाईल, ते मी ठरवणार!"

फोन तिनं ओट्यावर आपटला. पीयूषनं जाऊन गाडीत पेट्रोल भरून आणलं. सासूबाई लुगडं सावरत उभ्या राहिल्या. "मीही येते. गुडघे गेले खड्ड्यात."

रविवारी भर दुपारी ते चौघं झाडापाशी पोचले. ईशानीला पीयूषनं पाठीवर घेतलं होतं. ऊन लख्ख होतं, वारा अजिबात नव्हता. फांद्यांवरची फळं मुकाट लोंबत होती.

"फेर धरा," अल्पना म्हणाली.

"चार लोगों में कैसे होगा?" पीयूष म्हणाला. "इतना बडा झाड है."

"धरा म्हणतेय ना."

तिनं उजव्या हातात ईशानीचा हात घेतला. ईशानीपुढे पीयूष, पीयूषपुढे सासूबाई. चौघांचे हात पसरूनही अर्धा बुंधा उरला. अल्पनानं मोकळा डावा हात सालीला घासत पलीकडे लांबवला.

तो कुणीतरी धरला.

कोरडा, गार हात. पकड बेताची, पाहुण्याला धरावं तशी. बुंध्याच्या दुसऱ्या कडेला सासूबाईंचे डोळे मिटले होते आणि त्यांचा उजवा हातही ताणला गेला होता.

"म्हणा, आई," अल्पना म्हणाली. "गाणं म्हणा."

सासूबाईंनी गाणं सुरू केलं. फेर फिरू लागला. दुसऱ्या ओळीला पलीकडून साथ आली.

गाणं संपलं.

वर एकच फळ हलायला लागलं. शेजारची सगळी स्तब्ध होती.

खुळ्‌. खुळ्‌. खुळ्‌.

"ओळखा."

तो बियांचा आवाज नव्हता. अल्पनानं कान दिला. आवाज तिला ओळखू येत होता. नाव जिभेच्या टोकाशी येत होतं, पण ते घेतलं की झाकण उघडणार, म्हणून ती ते दातांनी धरून मागे लोटत होती.

ईशानीनं आनंदानं तोंड उघडलं.

अल्पनानं तिचा हात सोडला आणि तिच्या तोंडावर तळवा दाबला.

"ती नाही," ती म्हणाली. "मी."

फळ थांबलं. जरा वेळानं पुन्हा हललं, अगदी तिच्या कानाशी आल्यासारखं.

"ओळखा."

"ओळखत नाही."

"मग हरलात."

"हरलेही नाही!" अल्पना ओरडली. भीती होतीच, पण तिच्या वर संताप होता, आठवडाभराचा. "ऐका. ओळखलं नाही आणि हरलोही म्हटलं नाही, तर झाकण उघडायचं नाही. लहान पोरांनाही ठाऊक असतं. धरून बसा तुमचा डबा. माझ्या पोरीला उपाशी ठेवलंत ना? आता तुम्ही बसा उपाशी!"

डाव्या हातावरची पकड आवळत गेली. बोटं एकमेकांत रुतली.

तिनं हात काढून घेतला नाही.

फळ जोरात हललं. मग हळू. मग थांबलं.

पकड सुटली.

तळव्याखाली ईशानीचे ओठ हलले. "मम्मी, भूक लागली."

गाडीशी येईपर्यंत कुणी मागे वळून पाहिलं नाही. अल्पनानं डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. पोर बकाबका खात होती, अल्पना घास करत होती, सासूबाई "हळू गं, हळू" म्हणत होत्या आणि पीयूष स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडत होता. उरलेल्या पुऱ्या पीयूष आणि सासूबाईंनी संपवल्या.

सोमवारी सकाळी पीयूषनं चौकातून पोहे-जिलेबी आणली. घरात आठवड्यानंतर हसण्याचा आवाज होता. ईशानीनं पोह्यांवर मूठभर शेव घातली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि जिलेबीवर ताव मारला. अल्पना मोबाइलवर ग्रुपला लिहीत होती, "पुढच्या रविवारी पायपीट आहे. कुणी येवो न येवो, मी जाणार." यशवंतरावांचं "नको" लगेच आलं. ती मोठ्यानं हसली.

"तू भी खा ले अब," पीयूष तिच्यापुढे ताटली सरकवत म्हणाला. "कल से देख रहा हूं, कुछ नहीं खाया तूने."

"राहू दे रे," मोबाइलवरून नजर न काढता ती म्हणाली. "पोट राखून ठेवतेय."

पीयूषचा चमचा ताटलीवर पडला. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. अल्पनानं सगळ्यांकडे पाहिलं. ह्यांना एकदम काय झालं, ते तिला कळेना.

ईशानीनं अर्धी जिलेबी परत ठेवली. खुर्चीवरून उतरून ती आईजवळ आली आणि तिनं आपला चिकट तळवा आईच्या तोंडावर दाबला. मग आईच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या दाराकडे बघून ती म्हणाली,

"मम्मी नाही. मी."

तिचा दुसरा हात बाजूला थोडा उचललेला होता. बोटं मिटली होती, कुणीतरी धरल्यासारखी.