पलंगाखालची अर्धी गोळी

बसा, मास्तर. खुर्ची नको, ती शोभेची आहे. इथे पलंगावरच बसा आणि पाय वर घ्या. चादर मळेल म्हणून संकोचू नका. पाय वर असलेले बरे.

ही आमची मांजर, बाईसाहेब. कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत सापडली तेव्हा मुठीएवढी होती. पुढे मी निवृत्त झालो, ती काही झाली नाही. दिवसभर लोळायचं आणि दुसऱ्यांच्या कामावर डोळे वटारायचे, म्हणजे हुद्द्याने ती कायम माझ्या वरच. आता म्हातारी झाली. हृदय अधू आहे. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते, किटलीचं झाकण नीट न बसल्यासारखी. ऐकलीत? रोज दिवे लागायच्या वेळी अर्धी गोळी, एवढंच काम. मी ताईकडे जाऊन येईपर्यंत तुम्ही ते उत्तम कराल. वरच्या मजल्यावर राहता, चित्रकला शिकवता, तेव्हा हात स्थिर असणार. फक्त गोळी द्यायची पद्धत जरा वेगळी आहे. ती सांगण्यासाठीच तुम्हाला बोलावलं. दिवा थोडा भिंतीकडे वळवतो.

मागे ताई घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून मी निघालो. बाईसाहेबांना शेजारच्या वहिनींवर सोपवलं. त्या घरी शिवणकाम करतात, शब्दाला पक्क्या. गोळ्यांचा डबा त्यांच्या हातात ठेवला आणि निर्धास्तपणे गाडीत बसलो.

दवाखाना गावाबाहेर, जुन्या इमारतीत. ताईची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. शुद्धीवर आल्यावर मी तिच्याजवळ बसून म्हणालो, "बाईसाहेबांनी खाल्लं असेल ना गं?"

"हाड माझं मोडलंय, कारकुंड्या," ताई डोळे न उघडता म्हणाली. "मांजरीचं नाही. जा, झोप जा."

नातेवाइकांसाठी इमारतीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. लोखंडी खाट, भिंतीत खिळे, ओल्या चुन्याचा वास. बाहेर अंधारून येत होतं. आदल्या दिवशी धावपळीत राहून गेलेली रक्तदाबाची गोळी आता तरी घ्यावी म्हणून मी खिशातला डबा उघडला, आणि मास्तर, आत माझ्या गोळ्या नव्हत्या. आत होत्या ब्लेडने कापलेल्या, पिवळ्या, अर्ध्या गोळ्या.

खोकल्याच्या गोळ्यांचे दोन रिकामे डबे मी वापरत होतो, अगदी सारखे. नोकरीत एकही कागद कधी चुकीच्या फायलीत जाऊ दिला नाही आणि इथे स्वतःचं औषध मांजरीसाठी ठेवून मांजरीचं खिशात घालून आलो! म्हणजे तिकडे वहिनी, शब्दाला पक्क्या असल्यामुळे, माझी रक्तदाबाची गोळी बाईसाहेबांच्या नरड्यात ढकलत असणार. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मला बजावलेलं होतं, एक दिवस औषध चुकलं तरी तिचं हृदय दगा देईल. इथे तर औषध चुकून वर विष जात होतं.

मोबाइल लावला. लागेना. त्या खोलीत रेंजच नव्हती. दार उघडायला उठणार, तेवढ्यात वीज गेली.

मी बसून राहिलो. अंधारात आधी काहीच नव्हतं. मग खाटेखालून... बारीक शिट्टी आली.

तीच. किटलीच्या झाकणाची.

तुम्ही म्हणाल, भास. मीही तेच म्हणालो. पण घरी डबा टक् करून उघडला की बाईसाहेब पलंगाखाली येते आणि मी तळहातावर गोळी ठेवून हात खाली सोडतो, ही आमची जुनी रीत. डबा उघडाच होता. अर्धी गोळी घेऊन हात आपोआप खाली गेला. खरखरीत जीभ तळहातावरून फिरली आणि गोळी गेली. ही बाईसाहेबच, अशी माझी खात्री पटली. फक्त श्वास तिचा वाटला नाही. बंद पेटी पावसाळ्यानंतर उघडावी तसा वास होता त्याला.

वीज आली तेव्हा मी वाकून पाहिलं. खाटेखाली धूळ होती, सलग. एकही पाऊल नाही.

बाहेर वॉर्डातल्या मावशी पाण्याची बादली घेऊन चालल्या होत्या.

"मावशी, इथे मांजर आहे का हो?"

त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्या चपलांकडे पाहिलं. "काका... त्या खोलीत पाय खाली सोडून बसला होतात?"

"बसलो होतो. का?"

"इथे मांजर येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "उंदीरसुद्धा येत नाही... काही खायला दिलंत का?"

"अर्धी गोळी."

"अगं बाई..." म्हणाल्या आणि बादली तिथेच टाकून गेल्या.

सकाळी वॉर्डातल्या फोनवरून वहिनींना गाठलं. मी डब्याचा घोटाळा सांगायच्या आत त्याच रडवेल्या झाल्या. "भाऊजी, रागावू नका, पण एकही गोळी पोटात गेली नाही हो! तोंडात घातली की थू. सगळ्या मशिनखाली पडल्यात."

मी देवाचे आभार मानले, आमची फारशी ओळख नसताना. "आणि ती कशी आहे?"

"काल दुपारी मान टाकून पडली होती. मी घाबरलेच. पण दिवे लावले आणि उठली की! कपाटावर चढून बसलीय. जिभल्या चाटतेय, काही खाल्लं नसताना."

दिवे लावले तेव्हा. तुम्ही हुशार आहात, मास्तर, पुढचं सांगायला नको. ताईला घरी सोडेपर्यंत मी रोज संध्याकाळी त्या खाटेवर बसलो, डबा टक् केला, हात खाली सोडला. कामात खंड पडू देणं माझ्या स्वभावात नाही.

घरी परतलो तर बाईसाहेब दारात उभी, शेपटी सरळ. मला पाहिलं, मग माझ्या मागे, पायांच्या उंचीवर काहीतरी पाहिलं, आणि बाजूला सरकून वाट दिली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "औषध छान लागू पडलंय, चालू ठेवा." चालू ठेवायला माझी हरकत नव्हती. अडचण एवढीच की ती आता गोळीला तोंड लावत नाही. डबा टक् झाला की ती माझ्या मांडीवर येऊन बसते आणि शिट्टी पलंगाखालून येते.

वहिनी तेव्हापासून उंबरा ओलांडत नाहीत. शिवलेले कपडे दारातूनच देतात.

मध्यंतरी एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. डबा बरोबर नेला. संध्याकाळी खोलीत जाऊन हात खाली सोडला... कोणी आलं नाही. त्याला आता हेच घर आवडलेलं दिसतं. जेवण टाकून परतलो तेव्हा बाईसाहेब इथे फरशीवर आडवी होती, जीभ निळी. मी हिला उचलून मांडीवर घेतलं, पलंगावर बसलो आणि गोळी खाली धरली. तिकडे गोळी गेली, इकडे हिने डोळे उघडले.

म्हणून तुम्ही. ताईच्या हाडात बसवलेली धातूची पट्टी काढायची आहे, मला गेलंच पाहिजे, आणि ही जगलीच पाहिजे. भिण्यासारखं यात काही नाही. जनावराला औषध द्यायचं, बस.

वेळ झालीच आहे, मी असतानाच एकदा करून पाहा. ही गोळी घ्या. बाईसाहेबांना मांडीवर घ्या, अशी. घुरघुर लागली का? आता डबा वाजवतो.

टक्.

ऐकलंत? हात खाली... अजून थोडा. बोटं मिटू नका.

आणि एक सांगायचं राहिलं. पूर्वी जीभ खरखरीत असायची. परवापासून तशी नाही. मऊ आहे, रुंद आहे, आणि गोळी गेल्यावरही जरा वेळ तळहातावर थांबते... हात मागे घेऊ नका, मास्तर. मांडीवरची घुरघुर ऐकत राहा. ती चालू आहे तोवर सगळं ठीक आहे.