चेहऱ्यावरचा सुगंध

"हुंग! माझ्यासमोर हुंग, ताई, आणि मग सांग... हा वास तुला गोड लागला?"

भुंग्यानं साबणाची वडी जेवणाच्या टेबलावर आपटली, तशी ती घरंगळत येऊन ताईच्या ताटाला अडली. गुलाबी, गुळगुळीत, अंगावर कारखान्याचं नाव उमटलेली... दिसायला किती निष्पाप! भावजयीनं मात्र नाकाला रुमाल लावून खिडकी उघडली.

ताईनं वडी उचलली, नाकापाशी नेली आणि नेहमीसारखे डोळे मिटले. आत नेहमीसारखाच काळोख होता... ना फूल, ना लिंबू, ना घाण. श्वास आत गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"खवट आहे," ती हळूच म्हणाली. भावजयीच्या रुमालावरून तेवढं कुणालाही कळलं असतं.

"आत्ता खवट आहे! आणि मी बाहेरगावी असताना हीच वडी तुझ्याकडे आली, तेव्हा? 'उत्तम आहे, जाऊ दे माल,' असा निरोप कुणी धाडला? भट्टीवाले काका म्हणत होते, तेल जुनं वाटतंय म्हणून. पण ताईंचं नाक हो म्हणालं म्हटल्यावर त्या माणसानं आपल्याच नाकाला खोटं ठरवलं! साऱ्या कारखान्यानं ठरवलं!" त्याचा आवाज चिरकला. "बाळंतिणींचं इस्पितळ होतं गं ते... तान्ह्या बाळांच्या अंगाला लावायचा साबण! आयांनी तो खिडकीतून बाहेर फेकला. सगळे खोके परत आलेत. ज्यांनी आजवर डोळे झाकून माल घेतला, ते आता फोन उचलत नाहीत!"

"चुकलं माझं..."

"तुझं नाक चुकत नाही! लहानपणापासून बघतोय मी. तू चुकली नाहीस ताई, तू मुद्दाम केलंस! बाबांनी भट्टी तुझ्या हातून काढून मला दिली, ते शल्य तू इतकी वर्षं उराशी धरून बसलीस. माझं चांगलं तुला बघवलं नाही!"

"अहो, जीभ आवरा!" भावजय मध्ये आली. "वन्सं आहेत त्या. आईच्या जागी आहेत तुमच्या!"

"आईच्या जागी असलेल्यांनीच वार केला की जखम भरत नाही," असं म्हणून तो दार आपटून निघून गेला.

ताईनं वडी ताटाशेजारी ठेवली. एक वाक्य, फक्त एकच वाक्य तिच्या ओठांशी आलं होतं. ते उच्चारलं असतं तर ती क्षणात निर्दोष ठरली असती... आणि तो त्याच क्षणी कोसळला असता! ज्या वाक्यानं स्वतःची सुटका होते आणि लेकरासारख्या भावाचा कडेलोट होतो, ते वाक्य गिळायची तिला आता सवय झाली होती. पण आज ते गिळवेना. भावानं चोर म्हटलं असतं तरी तिनं सोसलं असतं, वेडी म्हटलं असतं तरी. पण वैरीण?... देवा, वैरीण?

घरामागं तेव्हा एकच भट्टी होती. एक मोठी कढई, लाकडी साचे, तेलाचे डबे, बाबा आणि त्यांच्या हाताखाली भट्टीवाले काका. आई गेली तेव्हा भुंग्या पाळण्यात होता. रांगायला लागल्यापासून अत्तराच्या बाटल्यांभोवती गुणगुणत फिरायचा, म्हणून त्याचं नाव भुंग्या. आणि ताईचं नाक म्हणजे देवाची देणगी! तेल अजून चांगलं असताना ती सांगायची, बाबा, हा डबा आधी वापरा, हा लवकर खवटणार. बाबा अभिमानानं म्हणायचे, "भट्टी हिची. पोरगा काय, नुसता डंख मारायला जन्मलाय."

आणि तो डंख मारतही होता. शाळा सुटली, भलती संगत लागली, दारू लागली. बाबांची अवजारं नेऊन विकली, पोलीस चौकीत रात्री काढल्या. मग एका सकाळी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, "आता आणखी एक काही केलंस, तर मला मुलगा नव्हताच असं समजेन."

त्या घरातल्या मुलांना अक्षरं यायच्या आधी एक नियम येत असे. कॉस्टिक, म्हणजे साबणात पडणारा जळजळीत क्षार, पाण्यात सोडायचा, हळूहळू. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. ओतलं की भडका उडाल्यासारखं उसळतं आणि समोरच्याला जाळतं. त्याच दुपारी बाबा आणि काका बाहेर गेलेले असताना भुंग्या झोकांड्या खात भट्टीवर आला. "मला काय समजता तुम्ही? मीसुद्धा करतो साबण!" म्हणत त्यानं कॉस्टिकनं भरलेल्या घमेल्यात बादलीभर पाणी ओतलं...

ताईनं त्याला मागं खेचलं. उसळलेलं सगळं तिच्या उजव्या हातावर आलं, पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडी टाकीच्या काठावर आदळली. तिनं डोळे उघडले तेव्हा भुंग्या पळून गेला होता आणि बाबा समोर उभे होते.

"कुणी ओतलं पाणी?"

"मी, बाबा... लक्ष नव्हतं माझं."

बाबांनी तिच्या हाताला आणि डोक्याला मलमपट्टी करवून आणली, रात्रंदिवस उशाशी बसले. पण भट्टी म्हणजे त्यांचं दैवत होतं. ती हिंडूफिरू लागल्यावर ते एवढंच बोलले, "ज्या हाताला एवढं कळत नाही, तो हात पुन्हा माझ्या भट्टीला लागता कामा नये." तो शब्द मागं न घेताच ते गेले. हातावरचे व्रण पाहून ठरत आलेलं लग्नही मोडलं. ताईनं भट्टीचा उंबरठा पुन्हा ओलांडला नाही.

आणि नाक? पट्टी सुटली त्या सकाळी तिनं अत्तराची बाटली उघडली, दुसरी उघडली, तेलाच्या डब्यात तोंड घातलं... जग कुणीतरी पुसून टाकलं होतं. कुणाला न सांगता ती डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, डोक्याच्या मारानं कधीकधी जातं, बहुधा परत येत नाही.

त्याच संध्याकाळी भुंग्या सापडला. पुलाच्या कठड्यावर, पाय पाण्याकडे सोडून बसलेला. अंगावरचे कपडे मळलेले, दारू उतरलेली, डोळे विझलेले.

"जवळ येऊ नकोस, ताई. फक्त एक सांग. तुझं नाक शाबूत आहे ना? हात भाजला, डोकं आपटलं, ते मी बघितलं. पण नाक गेलं असेल तर... मग मी जगून काय करू?"

काय सांगायचं होतं तिनं? तुम्हीच सांगा, काय सांगायचं!

"शाबूत आहे रे वेड्या! तुझ्या कपड्यांचा वास इथपर्यंत येतोय. उतर खाली, आंघोळ कर!"

तो हसला, रडला, खाली उतरला. त्यानंतर दारूला शिवला नाही. बाबांच्या हाताखाली मान खाली घालून राबला. बाबांच्या मागं एका भट्टीचा कारखाना केला, माणसं जोडली, नाव मिळवलं. आणि पहिल्या दिवसापासून एक रीत घातली. प्रत्येक नव्या खेपेची पहिली वडी ताईच्या स्वयंपाकघरात यायची, स्वतः त्याच्या हातानं. ताई डोळे मिटून हुंगायची, मग डोळे उघडून त्याच्याकडे बघायची, आणि मग निर्णय द्यायची. लोक थक्क व्हायचे...

पुढच्या दुपारी परत आलेले खोके पत्र्याच्या गोदामात टाकून दिले होते. ऊन तापलं तशी आतली हवा उग्र झाली. हमाल दाराशी येऊन मागं फिरले. "मालक, आत मेलेलं काहीतरी आहे असं वाटतं," एकजण म्हणाला, "आणि ते आपल्यालाच साबण लावणार आहे!" कुणी हसलं नाही. भुंग्या नाकाला रुमाल बांधून स्वतःच आत शिरला आणि जागीच थबकला.

खोक्यांच्या मधोमध, जमिनीवर ताई बसली होती. उघड्या तोंडानं, रुमालाशिवाय. एकेक वडी उचलत होती, नाकाला दाबत होती, छाती भरून श्वास घेत होती, टाकून देत होती, दुसरी उचलत होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"एकदा तरी ये रे," ती वडीतल्या वासाला म्हणत होती. "इतका घाणेरडा आहेस म्हणतात... मग एकदा ये ना! काहीच नाही... देवा, काहीच कसं नाही!"

भुंग्याचे डोळे त्या दुर्गंधीनं चुरचुरत होते. आणि ती फुलांच्या बागेत बसावं तशी त्या नरकात बसली होती!

"ताई... तुला येत नाही?"

ती दचकली. झटकन डोळे पुसले. "सर्दी झालीय रे जरा."

"ताई."

"वय झालं आता. नाकं काय जन्मभर..."

तो गुडघ्यांवर खाली बसला. तिनं मान फिरवली तेव्हा डोक्यामागची ती बोटभर जागा त्याला दिसली, जिथं केस पुन्हा कधी उगवले नव्हते. रोज दिसायची ती. आज पहिल्यांदा त्यानं पाहिली.

"त्या दिवसापासून?"

ताईनं हातातली वडी खाली ठेवली.

"पुलावर... पुलावर तू म्हणालीस शाबूत आहे! माझ्या कपड्यांचा वास येतोय म्हणालीस!"

"तू कठड्यावर बसला होतास रे," ती केविलवाणी म्हणाली. "मी दुसरं काय म्हणणार होते?"

भुंग्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दाराशी उभ्या भट्टीवाल्या काकांनी छातीवर हात ठेवला. त्यानं तिचा भाजलेला हात आपल्या कपाळावर दाबून धरला. "मी खाल्लं तुझं सगळं! भट्टी खाल्ली, संसार खाल्ला, बाबांची माया खाल्ली... आणि नाकसुद्धा! आणि काल तुला वैरीण ठरवलं! मला का नाही उडी मारू दिलीस गं?"

"गप! पुन्हा असं बोललास तर थोबाडीत देईन. एवढा मोठा मालक झालास तरी देईन!"

डोळे पुसत त्यानं विचारलं, "मग आजवर? प्रत्येक वडी? कधीच चुकली नाहीस तू!"

ताई ओल्या डोळ्यांनी किंचित हसली. "तुझ्या तोंडाकडे बघायची मी. पाळण्यापासून वाचतेय ते. वास मनासारखा असला की तुझी डावी भुवई वर जाते. गुलाब जास्त झाला की ओठ मुडपतोस. तेल बिघडलं असेल तर आधी पापणी लवते, तुला स्वतःला कळायच्याही आधी. तुझं नाक चांगलं आहे रे, भुंग्या. तुझाच विश्वास नव्हता त्याच्यावर." तिचा आवाज खाली आला. "या खेपेला तू बाहेरगावी होतास. वडी आली... तोंड आलं नाही. वडी घेऊन आलेला ड्रायव्हर तर बिचारा दारातच उभा, त्याच्या तोंडावर नुसती भूक! पाठवू नका म्हणाले असते तर का म्हणून विचारलं असतं सगळ्यांनी. मी भ्याले. आणि तुझ्या नावाला काळिमा लावून बसले."

भुंग्या उठला. दाराशी गेला. रुमाल काढून त्यानं फेकून दिला आणि जमलेल्या सगळ्या कामगारांसमोर मोठ्यानं बोलला, "काका, त्या दिवशी कॉस्टिकवर पाणी मी ओतलं होतं. दारू पिऊन. ताईनं नाही. बाबा गेले तरी मी तोंड उघडलं नाही."

काकांची मान खाली गेली. "ताई, मीही तुमच्या बाबांना म्हणालो होतो त्या वेळी... की पोरीचा हात भरवशाचा नाही. माफ करा मला."

ताईनं हात जोडले. पण तिचं लक्ष दाराबाहेरच्या आकाशाकडे होतं. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते कान केव्हाच मातीत मिसळले होते. सत्य आलं, पण घरधनी निघून गेल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं... दाराशी ताटकळत उभं राहिलं.

इस्पितळानं माल पुन्हा घेतला नाही. अर्धी यंत्रं बंद झाली, पुष्कळ माणसं डोळे पुसत दुसरीकडे गेली. कारखान्याचं नाव पूर्वीसारखं होईल की नाही, कोण जाणे. ताईचं नाक परत येणार नव्हतंच.

पण एका सकाळी भुंग्यानं तिचा हात धरून तिला बाबांच्या जुन्या भट्टीशी आणलं. उंबरठ्यावर ती थांबली. "बाबा नको म्हणाले होते रे..."

"त्यांनी माझ्या हाताला नको म्हटलं होतं, ताई. पत्ता चुकला फक्त. चल."

तिनं पाणी घेतलं. त्या पाण्यात, व्रणांच्या हातानं, हळूहळू कॉस्टिक सोडलं. पाणी जरासं कुजबुजलं आणि शांत झालं. भुंग्या लहान मुलासारखा बाजूला उभा होता.

बऱ्याच आठवड्यांनी त्या खेपेची पहिली वडी सुकून तयार झाली. ती त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलापाशी आली. भावजय भिंतीला टेकून श्वास रोखून उभी होती. भुंग्यानं सवयीनं वडी ताईपुढे केली, मग हात मागं घेतला.

"तूच हुंग," ताई म्हणाली.

"हुंगतो, आणि मग सांगतो तुला. नीट, सगळं सांगतो."

"सांगू नकोस." तिनं खुर्ची ओढून त्याच्या अगदी समोर घेतली. "आजवर चोरून बघत आले रे... आज उघड बघू दे. हलू नकोस."

त्यानं डोळे मिटून वडी नाकाला लावली. आणि ताई बघत राहिली, भुवई, पापणी, ओठ... आणि मग गालावरून उतरणारं ते पाणी.

"छान झालाय," ती म्हणाली.