जिंकलेल्या दिवसाची हवा

मनिषा गंगाखेडहून स्कूटीवर राणीसावरगावला निघाली ती वडिलांची ट्रंक आणायला. काम एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाखेडच्या फुटबॉल क्लबात सिताराम मास्तरांच्या नावाचं काचेचं कपाट, म्हणजे तिच्या वडिलांच्याच नावाचं, उघडायचं होतं आणि त्यात ठेवायच्या वस्तू त्या ट्रंकेत होत्या. उसाच्या ट्रॉल्यांनी वाटेत तिला भरपूर रखडवलं. एरवी तिनं एकेका ड्रायव्हरचा उद्धार केला असता, पण आज ती गाणं गुणगुणत मागून चालली होती. मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं. चार पोरं जमली की बॅट काढणाऱ्या या मुलखात त्यांनी जन्मभर फुटबॉल खेळला, शिकवला, त्यापायी लोकांचं हसणं सोसलं. हसणारे तेच लोक उद्या टाळ्या वाजवायला येणार होते. मनिषाला आनंद पोटात मावत नव्हता.

आईनं, म्हणजे चांगुणाबाईनं, ट्रंक ओसरीवर उघडूनच ठेवली होती. मास्तर गोलकीपर, त्यामुळे गुडघ्याचे पट्टे सगळ्यात वर. खाली झिजलेले बूट, पदकं आणि एक लाल जर्सी. ही जर्सी चांगुणाबाईनं नवी नवरी असताना सगळ्या टीमच्या पांढऱ्या चड्ड्यांबरोबर उकळायला टाकली होती, आणि मग अख्खी टीम गुलाबी चड्ड्यांत मॅच खेळली. म्हातारी हे सांगताना डोळे पुसून हसली, मनिषाही हसली.

चेंडू मात्र ट्रंकेत नव्हता. तो आतल्या खोलीत, कोनाड्यात, चुंबळीवर ठेवलेला असायचा. नाडीचा, कातडी, मास्तरांच्या टीमनं फायनल जिंकली तो चेंडू. क्लबाची जुनी रीत अशी की जिंकलेल्या फायनलच्या चेंडूची हवा कधी सोडायची नाही. त्या दिवसाची हवा त्यातच राहू द्यायची. चांगुणाबाईनं तो द्यायला बरेच आढेवेढे घेतले. शेवटी लेकीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ने. पर गाठ सोडू नकोस."

मग ती वंदनेला विहारात गेली.

दिवेलागण झाली होती. खिडकीबाहेर कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर घरात येत होता. मनिषानं चेंडू मांडीवर घेतला आणि सवयीनं अंगठा दाबला. फुटबॉलवाल्या माणसाच्या हाती चेंडू लागला आणि त्यानं अंगठा दाबला नाही असं होत नाही. अंगठा आत रुतला. उद्या क्लबातले सगळे जुने खेळाडू हेच करणार, आणि सिताराम मास्तरांचा चेंडू मऊ लागणार. ते तिला कदापि चाललं नसतं. हवा सोडायची नाही ना? मग सोडत नाही, वरून थोडी भरते, असा तिनं हिशेब केला.

जुन्या चेंडूच्या ब्लॅडरला रबरी नळी असते. पंप नसला की ती तोंडात धरून फुंकायची, दुमडून दोऱ्यानं बांधायची, वर नाडी ओढायची. लहानपणी दादांनीच हे तिला शिकवलं होतं. वडिलांना ती दादाच म्हणायची. तिनं नाडी सैल केली, नळी चिमटीत धरून दोरा सोडला आणि ओठांत घेऊन फुंकली. हवा आत गेली. पुन्हा फुंकली. गेली.

तिसऱ्यांदा गेली नाही. पलीकडून कुणीतरी फुंकलं.

कोमट, ओलसर, आत्ताच धावून आलेल्या माणसाचा श्वास. रबराचा वास नाही, घामाचा आणि तुडवलेल्या गवताचा.

"दादा...?" तिनं नळी ओठांतच ठेवून विचारलं.

दोनदा फुंकर आली. आखूड, हसल्यासारखी.

मनिषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वर्षभर ज्या माणसाच्या एका शब्दासाठी ती झुरली, तो इथं तिच्या ओठांशी होता. ती श्वास देत राहिली, घेत राहिली. अंगात असा जोर भरला की उठून सगळं मैदान पालथं घालावं. नळी तोंडातून काढवेना. काढली, तेव्हा ओठ सोलवटले होते. तिनं गाठ मारली. चेंडू दगडासारखा टणक झाला होता.

चांगुणाबाई परतली तेव्हा मनिषानं सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हातारीनं सैल सोडलेली नाडी पाहिली आणि चेंडू तिच्या हातून काढून जमिनीवर ठेवला.

"मने... त्या चेंडूत तुझ्या दादांची हवा न्हाई."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. त्या फायनलला हाफटाइममध्ये चेंडू मऊ पडला होता. पंप मिळेना. परमेश्वर नावाचा पोरगा, टीममध्ये सगळ्यात दमदार, त्यानं तोंडानं फुगवला. दुसऱ्या हाफमध्ये त्यानंच गोल केला आणि तिथंच, गोलासमोर, कोसळला. पुन्हा उठला नाही.

"म्हणून दादांनी जपून ठेवला?" मनिषानं विचारलं.

"जपून न्हाई. बांधून ठिवला. एकडाव हवा सोडायला गेले... तर आतून त्यांचाच दम वढायला लागलं. लय मुश्किलीनं गाठ मारली." चांगुणाबाई चेंडूपासून जरा मागं सरकली. "म्हणायचे, परमेश्वराला अजून खेळायचंय."

मनिषाला हसू आलं. म्हणजे हसावंसं तिला मुळीच वाटत नव्हतं, तरी आलं, दोनदा, आखूड. तिनं तोंडावर हात दाबला.

चेंडू दोघींच्या मधे जमिनीवर होता. त्याचं कातडं किंचित फुगत होतं, किंचित बसत होतं. चांगुणाबाई एकदा त्याच्याकडे बघे, एकदा लेकीच्या छातीकडे. दोन्ही एकाच लयीत चालले होते.

"दम धर, मने," ती कुजबुजली. "धरून बघ जरा..."

मनिषानं श्वास रोखला. चेंडूही थांबला. घरात कसलाही आवाज उरला नाही. तिच्या कानांत रक्त ठोकू लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि आता श्वास घ्यायचा म्हणून तिनं तोंड उघडलं. हवा आत येईना.

मग चेंडू फुगला. आणि त्याच्यामागून तिची छाती.