चंद्रावरची अकरा अंडी आणि न सापडणारी मैना

अंडी उबवायची पेटी गार पडत चालली होती आणि शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चंद्रावरच्या वसाहतीत कोंबडीचं एकही पिल्लू अजून जन्मलं नव्हतं. ही अकरा अंडी पहिलीच, आणि त्यांचा आज विसावा दिवस. नेमका आजच पेटीचा जुना संगणक बंद पडला. वसुधाआत्याने नवा जोडला, तर मैना या संगणकभाषेत लिहिलेला ‘ऊब’ हा प्रोग्राम सुरूच होईना!

शाल्मलीने पुन्हा आज्ञा टाईप केली, ‘मैना ऊब’. पडद्यावर तेच रडगाणं, ‘मैना सापडत नाही.’ पारा साडेसदतीसवरून चौतीसवर आला.

“आत्या, आंधळा आहे का हा? मैना उघडायचं चित्र (आयकॉन) मी पडद्याच्या अगदी मध्ये आणून ठेवलंय!”

एवढ्या धांदलीतही आत्याला हसू फुटलं. “अगं वेडाबाई, पडदा तू बघतेस, तो नाही. आज्ञा मिळाली की तो फक्त शोधयादी (कोणकोणत्या फोल्डरांत पाहायचं याची यादी) धुंडाळतो. त्या फोल्डरांबाहेरचं त्याच्या लेखी जगातच नाही.”

“पण मैना भाषेच्या तर दोन आवृत्त्या आहेत इथे. तो कोणती घेणार?”

“ते काम लाँचरचं (योग्य आवृत्ती निवडून प्रोग्राम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम). ‘मैना’ म्हटलं की तोच धावून येतो. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत ‘मैना दोन’ दिसलं की दुसरी आवृत्ती घेतो. आता त्या चित्राची माहिती उघड, लाँचरचा खरा पत्ता तिथे असेल.”

पत्ता मिळाला. शाल्मलीने तो फोल्डर यादीत घातला आणि आज्ञा दिली. ‘मैना सापडत नाही.’ आता मात्र तिचे डोळे भरून आले.

“रडतेस काय? आज्ञा टाईप करायची ही खिडकी उघडतानाची जुनीच यादी धरून बसलीय. बंद कर, नवी उघड.”

नव्या खिडकीत आज्ञा उमटली आणि पेटी गुणगुणू लागली. पस्तीस. छत्तीस. अंडी गप्पच. शाल्मली कान लावून बसून राहिली. पारा सदतीसवर पोचला आणि कोपऱ्यातल्या अंड्यातून बारीकसं ‘चिव’ आलं.

“आत्या, जिवंत आहे गं!” शाल्मली आनंदाने ओरडली. “दाणे टाकणारा प्रोग्राम मी लिहिणार हं!”

“मग आत्ताच बस लिहायला,” डोळे पुसत आत्या म्हणाली. “परवा त्यांना भूक लागेल.”