काजळसड्यावर कोणीच नव्हतं

सुनावणीच्या खोलीत फायलींचं एकही कपाट उरलं नव्हतं. भिंतीवर एक पडदा होता आणि त्यामागे ‘भूसाक्ष’. कागद खोटे करता येतात, शेजारी फितवता येतात, म्हणून जमिनीवर कोण कधीपासून राहतं हे आता छायाचित्रांवरून ठरायचं. एखाद्या जागेची आजवर कुणीही काढलेली सगळी छायाचित्रं हे यंत्र गोळा करी, सावल्यांवरून तास आणि गवतावरून महिना ताडी, आणि तिथला वर्षावर्षांचा इतिहास मांडून दाखवी. इतकी सगळी माणसं मिळून एकच खोटं कशाला बोलतील, असा त्यामागचा साधा तर्क होता.

यशोधन कारखानीस साक्षीला मोठ्या ऐटीत आले होते. डोंगर आणि वाळवंटं टिपण्यात त्यांची हयात गेली होती. सह्याद्रीच्या माथ्यावरचा काजळसडा, म्हणजे तो फुलांनी भरणारा सपाट कातळ, जगाला ठाऊक झाला तो त्यांच्यामुळेच. त्या सड्यावर गवळी धनगरांची सात घरं होती. ती तिथेच राहावीत, एवढं सांगायला ते आले होते. शेजारी ठकूबाई झोरे बसल्या होत्या. सत्तरीच्या, आणि सड्यावरच जन्मलेल्या.

“सव्वीस वर्षांतली तीन हजार छायाचित्रं मिळाली,” चौकशी अधिकारी नसरीन मुजावर म्हणाल्या. “सर, त्यातली बहुतेक तुमचीच. एकातही माणूस नाही. घर नाही, म्हैस नाही, धूरसुद्धा नाही. आणि गवतानं शाकारलेली घरं उपग्रहाला गवतच वाटतात. म्हणजे ही माणसं कालपरवा येऊन बसली, असं भूसाक्ष म्हणतं. सडा निर्मनुष्य ठरला की घरं उठवावी लागतील.”

धूर का नाही, हे कारखानिसांना चांगलंच ठाऊक होतं. दर सप्टेंबरात ते वर जायचे आणि लांबूनच हाळी द्यायचे. हाळी ऐकली की ठकूबाई कुडावर वाळत घातलेलं लुगडं काढायच्या, म्हशी कड्याआड हाकायच्या. फोटो होईपर्यंत चूल पेटायची नाही, कारण धूर चित्रात येतो. सातही घरं उपाशीपोटी खोळंबायची, आणि नंतर वर कारखानिसांनाच ताक द्यायची. घरांकडे त्यांची कायम पाठ. एखादी पायवाट किंवा दावं चित्रात आलंच, तर घरी जाऊन ते पुसायचे आणि मूळ चित्र टाकून द्यायचे. डागाळलेली चौकट मी ठेवत नाही, असं आपल्या छायाचित्रणाच्या शिबिरांत अभिमानानं सांगायचे. आज त्यांना त्याची लाज वाटली.

“ही माणसं तिथे होती,” ते म्हणाले. “यांच्या हातचं ताक प्यायलोय मी.”

“तोंडी साक्ष चित्रांशी ताडून पाहतात, सर. दोन्हींपैकी एक खोटं मानावं लागेल.”

“मग चित्रं खोटी. माझी सगळी बाद करा.”

“सगळी? वाळवंटातलीसुद्धा जातील. एकदा खोटा ठरलेला छायाचित्रकार भूसाक्ष पुन्हा जमेस धरत नाही.”

जन्मभराचं काम होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पडद्यावर अंगठा टेकवला.

चित्रं भराभर नाहीशी झाली. दोनेकशे उरली, ती इतरांनी काढलेली. मुजावरबाईंनी ती एकेक करून पाहिली. तीच फुलं, तोच कडा, घरांकडे तशीच पाठ. काढणारे बहुतेक कारखानिसांच्याच शिबिरांत शिकलेले होते. निष्कर्ष बदलला नाही.

ठकूबाई इतका वेळ पडद्याकडे टक लावून बघत होत्या. इतक्या वर्षांत कारखानिसांनी त्यांना एकही चित्र दाखवलं नव्हतं, तसं कधी सुचलंच नव्हतं. त्या उठून पडद्याजवळ गेल्या.

“सडा आमचाच हाय,” त्या म्हणाल्या. “लई देखना आलाय. पर आमी तितनं उठून गेल्यावरचा दिसतोय ह्यो.” मग त्या कारखानिसांकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. “आमी तर आजून तितंच ऱ्हातोय. मंग ह्यो फोटू तुमी आदीच कसा काय काडला, दादा?”