शेजारच्याचं नाक

"माफ करा... पण तुम्ही उष्ट्या ग्लासाचं कौतुक लिहिताय."

शेजारचा अनोळखी माणूस कानाशी पुटपुटला आणि माझी पेन्सिल जागीच थांबली. रविवारची दुपार, पुस्तकांच्या दुकानावरची खोली, आम्ही आठ हौशी मंडळी आणि प्रत्येकापुढे चाखून गुण द्यायला स्कॉचचे बिननावाचे सहा ग्लास. उरलेली स्कॉच ओतायला दर दोघांत एक सातवा ग्लास. मी नेमका तोच हुंगून वहीत झोकात लिहिलं होतं – मध, जुनं लाकूड, शेवटी हलका धूर. दहापैकी नऊ.

"तुमच्या-माझ्या उरलेल्याचं मिश्रण आहे ते," तो म्हणाला. "जमलंय खरं, पण..."

तेवढ्यात आमच्या या चाखणी-मंडळाचे प्रमुख आबा माझ्याकडे वळले. "सहाव्या ग्लासाचं काय म्हणतेस गं?"

मी तोंड उघडणार, इतक्यात शेजाऱ्याच्या कोपराने माझा सहावा ग्लास आडवा झाला. "सॉरी, माझी चूक," तो म्हणाला. आबांनी त्याला यथेच्छ झापलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. "मला वाचवायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. नाक कधी गेलं?"

"तुम्ही... कसं ओळखलंत?"

"दातांचा डॉक्टर आहे मी. माणूस काहीतरी लपवतोय, हे तो तोंड उघडायच्या आधीच कळतं."

मग मी सगळं सांगून टाकलं. ताप येऊन गेला आणि चार महिने कसलाच वास येत नव्हता. मासिकातलं माझं स्कॉचचं सदर मी जुन्या वह्यांमधून उतरवून रेटत होते. माझ्या शब्दावर लोक बाटल्या विकत घेत. खरं सांगितलं तर सदर जाणार, आणि मला दुसरं येत होतं काय? आईलासुद्धा बोलले नव्हते. ती आधीच म्हणायची, "चूळ भरून थुंकायचं आणि वर त्यावर लिहायचं, हे काय काम झालं?"

नाकाला पुन्हा वासाची सवय लावू, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, त्याचा दवाखाना उघडण्याआधी, मी पेशंटच्या खुर्चीत. चार छोट्या बाटल्या – लवंग, लिंबू, कॉफी, साबण. डोळे मिटून हुंगायचं.

"काही?"

"शून्य."

"उद्या या."

"उद्याही शून्यच असेल."

"असू दे... तुम्ही या."

सहा आठवडे! एकदा वैतागून मी लिंबाची बाटली आपटली. त्याने काचा गोळा केल्या, नवीन लिंबू कापलं, बस्स. असा माणूस कुठे मिळतो हो?

मग मासिकाच्या वार्षिक अंकासाठी लिहायची वेळ आली. स्कॉचच्या पाच नव्याकोऱ्या बाटल्या, जुन्या वह्यांत त्यांचा पत्ताच नाही. "तुम्ही वास घ्या, मी लिहिते," मी गयावया केली. "कुणाला कळणार नाही."

तो बराच वेळ हात धूत राहिला. "घेतो. पण नाक कोणाचं, ते खरं लिहायचं."

मी तणतणत निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. त्याचंच बरोबर होतं.

शनिवारी दुपारी तो आमच्याकडे आला. आईने खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं आणि मुद्दाम आत गेली.

"पहिली... लवंगेचं तेल. दवाखाना."

"दुसरी?"

"दवाखानाच. पण डॉक्टर श्रीमंत."

मी हसून हसून बेजार. तिसरीत त्याला ओला कोट सापडला, चौथीत नवी चप्पल. पाचव्या ग्लासावर मात्र तो अडला.

"वाईट आहे?"

"नाही. हिला गुण देता येणार नाहीत."

"का?"

"पिताना तुमच्याकडे बघत होतो... मत पक्षपाती आहे."

मी वहीत बघत म्हटलं, "मग मलाही तुमच्याबद्दल काही लिहिता येणार नाही. माझंही तसंच झालंय."

त्याचे कान लाल झाले. माझे काय झाले, ते त्यालाच विचारा.

त्याच संध्याकाळी लेखाची सुरुवात लिहिली – 'जवळजवळ सहा महिने मला वास येत नाही. मी तुम्हाला फसवलं, माफ करा. आजचं नाक शेजारच्या माणसाचं आहे.' सोमवारी संपादकबाईंचा फोन आला. लेख छापू, पण सदर इथेच थांबेल. मला रडू आलं, आणि छातीवरचा धोंडाही उतरला. देवाला म्हटलं, नाक घेतलंस ते घेतलंस, माणूस मात्र लाखात एक दिलास. तुझे उपकार आहेत.

"आणि पाचव्या बाटलीचे गुण लिहायचे राहिलेत," बाई म्हणाल्या.

"राहिले नाहीत," मी म्हटलं. "ती जागा कोरीच छापा."